तीन दगडांच्या बाजूने गांधींना उभं करू नका

दिवाळी आटोपून सकाळचा गारवा जाणवू लागला की वर्ध्यातली भटकी मंडळी पाठपिशव्या बाहेर काढतात आणि दरवर्षीचा एक युक्तिवादही बाहेर येतो. दोन दिवस रानात राहायचं तर स्टोव्ह विकत कशाला घ्यायचा? तीन दगड मांडावे, चार काटक्या वेचाव्या. आपल्या आज्यांनी जन्मभर तेच केलं. हा गांधी-विनोबांचा जिल्हा, इथे तरी हजार-दीड हजाराचा गॅसचा बर्नर मिरवू नये. लाकूड फुकट आहे, परत उगवणारं आहे. गॅस जमिनीच्या पोटातून उपसलेला. आणि चुलीवरच्या जेवणाची चव ती काय वर्णावी!

हे म्हणणारी माणसं मनाने चांगली आहेत. साधेपणाची त्यांची ओढ खरी आहे, म्हणून तर नव्या मुलांना त्यांचं बोलणं चटकन पटतं. पण हा युक्तिवाद प्रत्येक टप्प्यावर चुकतो, आणि जिथे तो गांधींचं नाव घेतो तिथे सर्वांत जास्त चुकतो. दगडांची चूल घराघरांतून हद्दपार व्हावी म्हणून ज्या गावाने डोकं लढवलं, त्याच गावाच्या नावाने तिची वकिली चालली आहे. ती मुकाट्याने ऐकून घेणं मला बरोबर वाटत नाही.

१९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत त्याचं काम सुरू झालं आणि मगनलाल गांधींच्या आठवणीने त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळालं. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्याबरोबरच गावातली रोजची साधनं सुधारण्याचं काम चाले. वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तिथला. बिनधुराची मगन चूलही तिथलीच: मातीची, एकाच जाळावर एकाहून जास्त भांडी ठेवता येणारी, धूर बाहेर नेणारं धुराडं असलेली. गांधींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी ज्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं, ते आजही वर्ध्यात उभं आहे. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं, तेही याच वाटेवरचं. ही सगळी माणसं साधी राहणारी होती. पण जे पूर्वापार चालत आलं तेच बरं, असं त्यांनी कधी मानलं नाही. इंधन किती लागतं, धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, सरपणाची मोळी कोणाच्या डोक्यावर येते, हे प्रश्न त्यांनी चुलीला विचारले. गांधींचं नाव घ्यायचं असेल, तर आपल्या मुक्कामाच्या चुलीलाही हेच प्रश्न विचारावे लागतील.

मग विनोबांचा दाखला येतो. ८ मार्च १९५१ला ते सेवाग्रामहून पायी शिवरामपल्लीला निघाले, तिथून तेलंगणात गेले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्यानंतर वर्षानुवर्षं ते चालत राहिले. त्यांच्या पाठीवर कुठे स्टोव्ह होता? नव्हता, कारण त्यांचा मुक्काम गावात असे. गाव त्यांना जेवू घाले आणि तिथली चूल त्या गावाचीच, रोजची, भिंतीच्या आडोशाची असे. ते रानात तंबू ठोकून कोरड्या पाचोळ्यावर जाळ करत नव्हते. त्यांच्यासारखं चालायचं असेल तर गावातून चाला, एखाद्या घरी पैसे देऊन जेवा, शाळेच्या ओसरीवर झोपा. मग स्टोव्ह खरंच लागणार नाही, आणि त्या चालण्याला माझा मनापासून नमस्कार. पण टेकडीच्या कुशीत, माणसांपासून दूर, स्वतःचं शिजवून खायचं आणि त्याला विनोबांचा आधार द्यायचा, हे जुळत नाही.

यातल्या जास्त वाचलेल्या मंडळींचा आक्षेप वजनदार आहे, त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. ते कुमारप्पांनाच पुढे करतात. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक १९४५चं. कोळसा, खनिज तेल ही साठ्यातली संपत्ती आहे, वापरली की संपली. लाकूड, शेण, वारा ही वाहती संपत्ती आहे, ती पुन्हा येत राहते. समाजाने दुसऱ्या प्रकारावर जगावं, हा कुमारप्पांचा विचार. मग लाकूड सोडून गॅस वापरणं हा कुमारप्पांशी द्रोह नव्हे का?

नव्हे. वाहती संपत्ती वाहती राहते ती उगवण्याच्या वेगाने वापरली तरच. मुक्कामाच्या ठरलेल्या जागा बघा. दर शनिवार-रविवारी नवा गट येतो, तिथलंच पडकं लाकूड जाळतो, ते संपलं की झुडपं तोडतो. दोन हिवाळ्यांत त्या जागेभोवती वाळकी काटकी शिल्लक राहत नाही. पडलेलं लाकूड निरुपयोगी नसतं. त्यात वाळवी असते, किडे असतात, त्यांच्यावर पक्षी जगतात. कुजून ते माती होतं. शिवाय जवळच्या पाड्यातली बाई तेच सरपण डोक्यावरून घरी नेते. आपण हौसेसाठी तिच्या वाट्याचं जाळतो आणि त्याला स्वावलंबन म्हणतो.

आता आकडे बघू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळक्या लाकडात साधारण १५-१६ हजार किलोज्यूल असतात, पण उघड्यावरच्या तीन दगडांत त्यातला जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्यापर्यंत पोचतो, बाकीचा वारा नेतो. म्हणजे लिटरभर पाण्याला दीडशे-दोनशे ग्रॅम लाकूड, तेही जाळ नीट पेटल्यानंतर. वीस जणांची खिचडी, दोन वेळचा चहा आणि मग ‘पेटलीच आहे तर बसू’ म्हणून रात्रीची शेकोटी धरली, तर दहा-पंधरा किलो सरपण सहज जातं. उलट २३० ग्रॅम गॅसच्या एका कॅनिस्टरमध्ये दहा हजारांवर किलोज्यूल असतात. आडोसा धरला तर त्यातला निम्मा हिस्सा भांड्याला मिळतो आणि पंधरा-सोळा लिटर पाणी उकळतं. तो सगळा गॅस जाळला की साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्ध्याहून बोर अभयारण्यापर्यंत मोटरसायकलवर एकदा गेलं तरी याच्या दुपटीहून जास्त जातो. साठ्यातल्या संपत्तीची ज्यांना खरोखर काळजी आहे, त्यांनी आधी गाडी घरी ठेवून एसटी धरावी. कॅनिस्टरवर राग काढून काही साधणार नाही.

गॅसची एक बाजू खरंच लंगडी आहे: रिकामं कॅनिस्टर. ते पुन्हा भरायचं नसतं. भरून देणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. पूर्ण रिकामं झालं की मोकळ्या हवेत, जाळापासून दूर त्याला भोक पाडायचं आणि भंगारात द्यायचं. रानात टाकून येणाऱ्या माणसाशी मी या विषयावर वाद घालणार नाही. त्याला दुसऱ्यांदा सोबत नेणार नाही.

आता वणव्याबद्दल. माझ्या लेखी खरा मुद्दा हाच.

आपलं रान पानगळीचं आहे. सागाची ताटाएवढी पानं जानेवारीपासून गळू लागतात आणि मार्चमध्ये पायाखाली घोट्याएवढा पाचोळा कुरकुरतो. वर वाळकं गवत, दुपारी वारा. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतं, त्याआधी जाळरेषा घेतं आणि पुढचे चार महिने वनमजूर आग दिसेल तिकडे झाडांच्या फांद्या घेऊन धावतात. तीन दगडांची चूल विझवली असं आपल्याला वाटतं तेव्हा खालची मुळी धुमसत असते. राखेखालचा निखारा पहाटेपर्यंत जिवंत राहतो आणि उठून गेलेल्यांना ते कळत नाही. गॅसचा बर्नर बंद केला की जाळ संपतो. ठिणगी नाही, निखारा नाही, राख नाही. एवढ्या एका कारणासाठी मी बाकीचे सगळे मुद्दे सोडून द्यायला तयार आहे.

कायदाही याच बाजूला आहे, आणि तो पुरता समजून घ्यावा. भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६नुसार राखीव जंगलात आग लावणंच नव्हे, तर परवानगीच्या काळाबाहेर आग पेटवणं, ठेवणं, सोबत नेणं हाही गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२चं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडायला मनाई करतं. बोर १९७० पासून अभयारण्य आहे, २०१४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला. मूळ क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या अगदी लहान प्रकल्पांपैकी एक. इतक्या छोट्या रानात एक मोठा वणवा म्हणजे वाघिणीने पिल्लं घेऊन कुठे जावं हा प्रश्न. तेव्हा स्टोव्ह घेतला म्हणून जंगलात शिजवायचा परवाना मिळाला, असं कोणी समजू नये. ज्योत ती ज्योतच. मुक्काम जंगलाच्या हद्दीबाहेर, शेतमालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून, झाडून साफ केलेल्या मातीवर. याला अपवाद नाही.

धुराबद्दलही बोलायला हवं. कपारीखाली किंवा उंच झाडाखाली ओल्या काटक्यांचा धूर करणाऱ्यांनी आधी वर आग्या मोहोळ आहे का ते बघावं. धुराने ते उठलं की पळायलाही वेळ मिळत नाही.

चवीचा मुद्दा मी मान्य करतो. चुलीवरच्या भाकरीला वेगळी चव असते. हमरस्त्यावरचे धाबे तेवढ्या एका शब्दावर पाट्या रंगवतात. ती चव घरी घ्यावी, शेतावर घ्यावी. दिवसभर चालून आलेल्या माणसाला गरम खिचडी मिळाली, ती कशावर शिजली हे तो विचारत नाही.

मग घ्यायचा कोणता? इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींचंही ऐकून घेता येत नाही. पुण्या-मुंबईचे जाणकार हिमालयासाठी केलेली यादी जशीच्या तशी आपल्याला देतात: अमुक मिश्रणाचंच कॅनिस्टर घ्या, साधा ब्युटेन थंडीत पेटत नाही. साधा ब्युटेन शून्याच्या किंचित खाली द्रवच राहतो, हे बरोबर. पण वर्ध्याला हिवाळ्यातली कडाक्याची पहाटसुद्धा त्याहून कितीतरी उबदार असते. इथला प्रश्न उलटा आहे, उन्हाळ्याचा. कॅनिस्टर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये अशी सूचना त्याच्यावर छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या वर जातो, मग उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काय होत असेल? त्या उष्णतेत प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिपटीहून जास्त होतो. म्हणजे बर्फासाठी जास्त पैसे देऊन घेतलेलं प्रोपेनचं मिश्रण आपल्या उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. वर्ध्याच्या माणसाने ते हौसेने घेऊ नये.

दोघा-तिघांसाठी माझं मत स्पष्ट आहे: कॅनिस्टरच्या डोक्यावर आट्यांनी बसणारा लहान बर्नर, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचा, भांडं टेकायचे पाय रुंद असलेला. त्यावर दीड लिटरपेक्षा मोठं भांडं ठेवू नये. बुटकं, रुंद बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण. खरेदी करताना लोक ज्योत किती मोठी ते बघतात. बघायचं ते ती किती मंद करता येते. भात करपतो तो मोठ्या ज्योतीने. वाऱ्याला आडोसा हवाच, पण कॅनिस्टरला चारही बाजूंनी पत्र्याने वेढू नये. आत कोंडलेली उष्णता त्यालाच तापवते. सगळीकडून आडोसा करायची सवय असेल तर नळीने जोडलेला, जमिनीवर बसणारा बर्नर घ्यावा; त्यात कॅनिस्टर जाळापासून लांब राहतं. आणि पाऊस असो, थंडी असो, तंबूच्या आत कोणताही स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

पेटीसारखा सपाट स्टोव्ह, ज्याच्या पोटात लांबट गॅसची नळकांडी बसते, तो स्वस्त मिळतो म्हणून पुष्कळ गट घेतात. दीड-दोन किलोचा हा ऐवज पाठीवर न्यायचा नाही, हे एक. दुसरं जास्त गंभीर. मंडळी त्यावर लग्नघरातला गंज किंवा मोठा तवा ठेवतात, तो शेजारच्या नळकांड्यावर पसरतो, खालची उष्णता त्याच्यावर परतवतो आणि नळकांडं फुटतं. वीस जणांचा स्वयंपाक एकाच भांड्यात करायची ही हौस मुळातच सोडायला हवी. तिघा-तिघांची चूल वेगळी ठेवा. सामान वाटलं जातं, प्रत्येकाला शिजवता येऊ लागतं आणि मोठा गंज कलंडून कोणाचे पाय भाजत नाहीत. गाडी मुक्कामापर्यंत जाणार असेल तर कंपनीचा पाच किलोचा सिलिंडर बरा. रस्त्याकडेला भरून मिळणारी बेनामी टाकी नको.

स्पिरिटचा छोटा दिवा हलका असतो, स्वस्त असतो, पण मी त्याच्या विरोधात आहे. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून वरून स्पिरिट ओतणारा माणूस भाजतो. कलंडला तर जळतं द्रव पाचोळ्यात पसरतं. त्यात वर्धा १९७५ पासून दारूबंदीचा जिल्हा, आणि १९४९च्या मद्यनिषेध कायद्याच्या कक्षेत विकृत स्पिरिटही येतं. बाटली कुठून आणली, किती बाळगली, हे विचारलं जाऊ शकतं. पितळी पंपाच्या रॉकेल स्टोव्हबद्दल मला आदर आहे. स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास निघालेल्या त्या रचनेने पिढ्यानपिढ्या घरं चालवली. पण किलोभराचं वजन, आधी तापवणं, पिन मारणं, सांडलेल्या रॉकेलचा वास लागलेले कपडे, आणि मुळात रॉकेल मिळवण्याची पायपीट, यांत तो मागे पडला.

काटक्यांवर चालणाऱ्या घडीच्या पत्र्याच्या चुलीला मात्र मी एक जागा देतो. कुमारप्पांच्या वाहत्या संपत्तीचा अर्थ तिथे नीट लागतो. आपला जिल्हा कापसाचा आणि तुरीचा. वेचणी संपली की बांधावर पऱ्हाट्यांचे, तुराट्यांचे ढीग पडतात आणि कित्येकदा शेतातच पेटवून दिले जातात. नांगरलेल्या मोकळ्या शेतात, मालकाला विचारून, बादलीभर पाणी शेजारी ठेवून, त्या चुलीत मूठ-मूठ पऱ्हाट्या घालून चहा करावा. ज्यांना जाळाशिवाय करमत नाही त्यांनी हे जरूर करावं. रानातली काटकी मात्र उचलू नये.

दुसरी बचत कोणत्याही स्टोव्हला लागू आहे. डाळ-तांदूळ तासभर भिजवून ठेवा, उकळी आली की पाच-सात मिनिटांत आच बंद करा आणि झाकलेलं पातेलं घोंगडीत नाहीतर झोपायच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास विसरून जा. उरलेलं शिजणं आतल्या आत होतं, गॅस बराच वाचतो.

आपल्या मुलांना सह्याद्री गाठायचा तो विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने, आणि यादी देणारे नेमकं हेच विसरतात. गाडीत गॅसचं कॅनिस्टर, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही नेता येत नाही. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १६४खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी २६ ऑगस्ट २०२३ची पहाट विसरू नये. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा डबा मदुराईच्या यार्डात उभा होता. आत चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. डबा पेटला आणि नऊ माणसं गेली. ‘एवढंसं तर कॅनिस्टर आहे, बॅगेच्या तळाशी घाल’ असं नवख्यांना सांगणाऱ्या म्होरक्याने हे पोरांच्या आईबापांसमोर एकदा म्हणून दाखवावं. बर्नर बॅगेत न्या, त्यात गॅस नसतो. कॅनिस्टर नाशिकला, पुण्याला, मुंबईला उतरून घ्या आणि उरलेलं तिथल्याच एखाद्या ओळखीच्या गटाला देऊन या. म्हणून बर्नर घेताना दुर्मीळ बनावटीचा घेऊ नका. ज्याच्या आट्यांचं कॅनिस्टर कुठल्याही साहसी खेळांच्या दुकानात मिळतं, तोच घ्या.

आणि १५ फेब्रुवारीनंतर? तेव्हा आपल्या भागात रानाजवळचा कोणताही मुक्काम जाळाविना व्हावा, स्टोव्हही नको. आपल्याकडे त्याची तयारी केव्हाची आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. भाकरीबरोबर जवसाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, कांदा, ठेचा. सातूचं पीठ आणि गूळ पाण्यात कालवले की न शिजवता पोटभरीचं जेवण होतं. उन्हात तेच सर्वांत सोसतं. बर्नरचं आणि गॅसचं वजन वाचतं, त्या जागी दीड लिटर पाणी जास्त नेता येतं, आणि एप्रिलच्या रानात त्याची गरज कितीतरी मोठी. ज्यांना तेव्हाही गरम चहाच हवा, त्यांनी तो पहाटे घरून थर्मासमध्ये भरून आणावा.